टोपीतून निघालेला घोडा

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिली रेस सुटण्याआधी मुरलेला पंटर हातातल्या पुस्तकात काय शोधतो? घोड्याचं नाव तर नक्कीच नाही. नावाला भुलून पैसे लावणारे नवखे. त्यांच्या जिवावर बाकीच्यांचं चालतं. जुना माणूस आधी तीन रकाने पाहतो. मागच्या काही शर्यतींत घोडा कितवा आला, आज त्याच्या पाठीवर किती किलो आहेत आणि क्लबाने त्याला किती रेटिंग दिलं आहे. जॉकी कोण, पल्ला किती, सकाळच्या ट्रॅकवर्कला घोडा कसा पळाला, हे सगळं त्यानंतर.

विजेता हेरण्याची सारी विद्या या तीन रकान्यांवर उभी आहे. आणि त्यांतले दोन, वजन आणि रेटिंग, जन्माला आले ते विजेता कोणालाच हेरता येऊ नये म्हणून.

घोडा पारखण्यात आपल्याकडचे लोक कच्चे नव्हते. अंगावर भोवरा कुठे आहे, गळ्याला देवमण आहे का, घोडा पंचकल्याणी आहे का, हे पाहिल्याशिवाय जुना मराठा सरदार थैलीला हात लावत नसे. पण ही पारख घोडा विकत घेणाऱ्याची. घोडा मालकाला लाभेल का, एवढंच ती सांगते. आज दुपारी या दहा जनावरांत पुढे कोण राहील, हा प्रश्नच निराळा. त्याला लक्षणं पुरत नाहीत. घोड्याची मागची कर्मं लागतात, आणि ती कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागतात.

इंग्लंडात हे लिहून ठेवण्याचं काम जॉन चेनी नावाच्या माणसाने अंगावर घेतलं. 1727 सालच्या शर्यतींची यादी त्याने छापली: कुठे, कधी, कोणाचा घोडा, निकाल काय. तोवर घोड्याची कीर्ती तोंडोतोंडी फिरे आणि फिरता फिरता फुगे. पुढे 1773 पासून वेदरबी घराण्याचं रेसिंग कॅलेंडर निघू लागलं, त्याच घराण्याने घोड्यांच्या वंशावळीही छापल्या. पहिला रकाना असा तयार झाला. त्यात फारसं नाट्य नाही.

नाट्य आहे वजनात. सुरुवातीला वजन ठरे घोड्याच्या उंचीवरून. ‘गिव्ह अँड टेक’ नावाच्या शर्यतींत चौदा ‘हँड’ उंचीच्या घोड्यावर नऊ स्टोन, म्हणजे सुमारे 57 किलो. त्याहून उंच असला तर दर इंचाला सात पौंड जास्त, ठेंगणा असला तर तेवढेच कमी. हिशेब सरळ, पण खुळा. उंच घोडा चपळ असतोच असं थोडंच आहे!

यातून वाट निघाली ती दारूच्या गुत्त्यातल्या एका खेळातून. सॅम्युअल पेपिसने 1660 च्या रोजनिशीत हा खेळ पहिल्यांदाच खेळल्याची नोंद केली आहे. दोघांना आपापली वस्तू बदलायची असते, समजा एकाचं घड्याळ आणि दुसऱ्याचा कोट. तिसरा पंच. दोन वस्तूंच्या किमतींत फरक किती आणि वर रोख कोणी किती द्यायचे, ते तो सांगतो. तिघांनीही टोपीत थोडे पैसे टाकलेले असतात. मग दोघे टोपीत हात घालतात आणि एकदमच बाहेर काढतात. कोणाच्या हातात नाणं आहे यावरून सौदा मंजूर की नामंजूर ते कळतं. दोघेही ‘हो’ म्हणाले किंवा दोघेही ‘नाही’ म्हणाले, तर टोपीतले पैसे पंचाचे. एकाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला, तर पैसे होकार देणाऱ्याचे. म्हणजे पंचाचा फायदा त्याच्या अचूकपणात. कोणा एकाकडे तो झुकला की दोघांची मतं फाटणार आणि टोपी हातची जाणार. इतका निर्मळ नियम असलेला जुगार मला दुसरा ठाऊक नाही.

या खेळाचं नाव हँडिकॅप, म्हणजे टोपीतला हात. अठराव्या शतकात घोडेवाल्यांनी तो उचलला. घड्याळाच्या जागी एक घोडा, कोटाच्या जागी दुसरा, आणि रोख फरकाऐवजी पाठीवरचे पौंड. दोन घोड्यांपुरती चाललेली ही रीत लवकरच मोठ्या शर्यतींत शिरली. 1791 साली ॲस्कटच्या ओटलंड्स शर्यतीत 19 घोडे धावले आणि प्रिन्स ऑफ वेल्सचा बॅरोनेट जिंकला. एवढे घोडे एकदम पळू लागल्यावर पैजेचीही तऱ्हा बदलली. पूर्वी माझा घोडा की तुझा, एवढीच पैज असे. आता प्रत्येक घोड्याचा वेगळा भाव सांगणारा माणूस लागला. बुकींचा मूळपुरुष म्हणून त्याच सुमाराला न्यूमार्केटला बसणाऱ्या हॅरी ऑग्डेनचं नाव घेतात.

पण अंदाजाला शास्त्राची शिस्त लावली ती एका दर्यावर्दीने. ॲडमिरल हेन्री जॉन राउस, जन्म 1795. सुकाणू निकामी झालेलं ‘पिक’ हे जहाज 1835 मध्ये अटलांटिक ओलांडून घरी आणणारा हा माणूस. आरमार सोडल्यावर त्याने सगळा जीव घोड्यांत घातला. घोड्याचं वय, वर्षाचा महिना आणि शर्यतीचा पल्ला या तिन्हींचा मेळ घालून कोणी किती वजन उचलावं याचं कोष्टक त्याने बसवलं. तीन वर्षांचा घोडा वसंतात चार वर्षांच्या घोड्यापुढे जितका कच्चा असतो, तितका शरदात राहत नाही. म्हणून त्याची सवलत महिन्यागणिक उतरत जाते. त्या कोष्टकाची सुधारलेली रूपं आजही जगभर वापरात आहेत.

राउसची खरी कसोटी लागली 1851 च्या मे महिन्यात, यॉर्कला. आधल्या वर्षी डॉनकॅस्टरला तीन वर्षांच्या व्होल्टिजरने वयाची सवलत घेऊन फ्लाइंग डचमनला हरवलं होतं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला तो एकच पराभव. दोन्ही घोडे डर्बीचे विजेते, दोन्ही मालक हट्टाला पेटलेले. पुन्हा दोन मैलांची झुंज ठरली आणि वजन सांगायचं राउसने. पाच वर्षांच्या डचमनने चार वर्षांच्या व्होल्टिजरला साडेआठ पौंड द्यावेत, असा त्याचा निर्णय. लाखाच्या गर्दीपुढे डचमन जेमतेम एका लांबीने जिंकला. दोन मैलांच्या पल्ल्याला एक लांबी म्हणजे ढोबळ मानाने एक पौंड. टोपीतला पंच याहून अचूक काय ठरणार? 1855 मध्ये राउस इंग्लंडचा अधिकृत हँडिकॅपर झाला.

सगळे घोडे एका रेषेत संपावेत, हे हँडिकॅपरचं स्वप्न. 1857 च्या सेझरविच शर्यतीत ते जवळपास खरं झालं. तीन घोडे अगदी बरोबरीने आले आणि अंधार पडता पडता तिघांना पुन्हा पळवावं लागलं. जिंकली प्रायोरेस, शंभराचा भाव असलेली अमेरिकन घोडी. फेवरिटवर पैसे लावलेल्यांची त्या संध्याकाळी काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको.

तेव्हापासून पंटरचा खरा सामना घोड्याशी नाही, हँडिकॅपरशी आहे. वजन देणारा कुठे चुकला, ते शोधायचं. कोणाला चुकीचा माग घड्याळात लागला. यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराचा मुलगा फिल बुल, गणिताचा मास्तर, नुसता क्रमांक न पाहता लागलेली वेळ मोजायचा. त्याने 1948 मध्ये हॅलिफॅक्सला टाइमफॉर्म काढलं. गंमत म्हणजे त्याच्याही गुणांचं माप राउसचेच पौंड राहिले. कोणी हे सगळं सोडून डोक्याला शहामृगाची पिसं लावली. हबशी राजपुत्र म्हणवणाऱ्या प्रिन्स मोनोलुलूने इंग्लंडच्या मैदानांवर वर्षानुवर्षं पाकिटात बंद करून टिपा विकल्या. आणि 1980 च्या दशकात बिल बेंटर नावाच्या पैजबाजाने हाँगकाँगला या गणितासाठी संगणक बसवला. त्याच्या 1994 मधल्या निबंधातली मला आवडणारी गोष्ट अशी, की त्याचं गणित खरं फळलं ते गर्दीच्या पैजांनी ठरणारे टोटच्या फलकावरचे भाव त्यात मिसळल्यावर. गर्दीला असं काही माहीत असतं, जे आकड्यांच्या रकान्यांत नसतं.

मुंबईत टर्फ क्लब 1802 चा. शर्यती आधी भायखळ्याला, 1883 पासून महालक्ष्मीला. पावसाळ्यात सगळा लवाजमा पुण्याला. नावामागे ‘रॉयल’ लागलं 1935 मध्ये. पौंड जाऊन किलो आले, पण रीत राउसचीच: रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो. घोडा जिंकला की रेटिंग चढतं, वरचा वर्ग मिळतो, पाठ जड होते. हरत राहिला की ओझं उतरतं. म्हणूनच एखादा घोडा खाली उतरवण्यासाठी मुद्दाम ओढला जातो का, इकडे स्टुअर्डांना डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इंडियन डर्बीत ही भानगड नाही. तिथे घोड्यांना सारखं वजन आणि माद्यांना थोडी सवलत, बस. 1943 ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेच मारली. तिथे चांगला घोडा बहुधा पुढे येतो आणि त्याचा भावही त्यामुळे तुटपुंजा असतो. डोकं चालवणाऱ्याला खरा मोबदला हँडिकॅपमध्येच.

या डोकं चालवण्याला कायद्यानेही मान दिला. मद्रासच्या शर्यतींवर सरकारने आणलेल्या बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1996 मध्ये न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा फॉर्म, वंश, वजन, जॉकी यांचा अभ्यास करून लावलेली पैज निव्वळ नशिबाची नव्हे. पंटरचे तेच रकाने न्यायमूर्तींसमोर साक्षीला उभे राहिले म्हणा ना. कराच्या खात्याला मात्र ही साक्ष पटलेली दिसत नाही. 2023 मध्ये घोड्यांच्या शर्यती कॅसिनोच्या पंगतीला बसल्या, पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी पक्का झाला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 झाला.