रजोनिवृत्तीनंतरचा निद्रानाश

मासिक पाळी सलग १२ महिने न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. या काळात इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते. रात्री अंगातून गरम वाफा येऊन घाम फुटतो व झोप मोडते. आठवड्यातून किमान ३ रात्री, असे ३ महिने चालल्यास निद्रानाश दीर्घकालीन ठरतो.

औषधांविना करायच्या उपायांत बोधात्मक वर्तन चिकित्सा प्रमुख आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून तिचीच शिफारस केली. तिचा एक भाग सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. रुग्ण लवकर अंथरुणाला पाठ टेकून झोप भरून काढू पाहतो. चिकित्सेत मात्र अंथरुणातील वेळच कमी केला जातो. ८ तास पडून साडेपाच तासच झोप लागत असल्यास सुरुवातीला तेवढाच वेळ दिला जातो, उठण्याची वेळ ठरलेली असते आणि झोप सलग लागू लागली की वेळ हळूहळू वाढवतात. पहिल्या काही आठवड्यांत दिवसा पेंग येते, त्यामुळे वाहन चालवताना धोका संभवतो. सायंकाळचा चहा टाळणे, खोली थंड ठेवणे हे उपाय पूरक आहेत. केवळ त्यांनी जुना निद्रानाश सहसा जात नाही.

रजोनिवृत्तीनंतर झोपेतील श्वासरोधाचे प्रमाणही वाढते. मोठ्याने घोरणे किंवा गुदमरून जाग येणे ही लक्षणे असल्यास आधी त्याची तपासणी आवश्यक असते.