मुंबई लागली

आमची आजी 'मुंबईला पोचलो' असे कधीच म्हणत नसे. 'आमी मुंबय लागलीं' असे म्हणायची. बोट धक्क्याला लागते ना, तशी. रेल्वेने जाणाऱ्या आमच्या पिढीच्या तोंडून हा शब्द गेला, आणि त्याबरोबर एक आख्खी मुंबईही गेली, असे मला वाटते. आज त्या मुंबईबद्दल थोडे.

पणजीच्या धक्क्यावरून निघालेली बोट वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत वर जायची. बहुतेक ठिकाणी बोट लांब समुद्रात थांबे आणि माणसे पडावातून येत. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावातून हातावर हात देऊन बायका-मुलांना वर ओढून घेत. मी स्वतः लहानपणी, सत्तरच्या दशकात, 'कोकण सेवक'ने गेलो आहे. डेकवर चढताच वडिलांनी पहिले काम केले ते चादर पसरून जागा धरण्याचे. उशाशी सोलांची पिशवी, पायाशी नारळांचे पोते, शेजारी कुणाचा तरी फणस. आईला बोट लागली ती थेट दुसऱ्या दिवशी धक्का दिसेपर्यंत. मला मात्र रात्री डेकवरून दिसलेले किनाऱ्यावरचे दिवे अजून आठवतात.

बोट लागायची ती भाऊच्या धक्क्याला. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ मध्ये बांधला. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली (१६ एप्रिल १८५३) त्याच्या बारा वर्षे आधी. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे कित्येक वर्षे कोकणातल्या आणि आमच्याकडच्याही घरांत बोटीचा विषय निघाला की 'रामदास'चे नाव निघेच. पावसाळ्यात आमची बोट बंद असे, त्याचे कारण मुलांना वेगळे सांगावे लागत नसे.

पावसात जायचेच झाले तर रेल्वे. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतची पोर्तुगीज हद्दीतली लाईन १८८८ च्या सुमारास पुरी झाली. पण ती मीटर गेज. लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला यायचे आणि तिथे सामानसुमान उतरवून मोठ्या गाडीत बसायचे. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला, तेव्हा ही उतरंड पुण्याहून मिरजेला सरकली, एवढेच. त्यामानाने बोट सुखाची. एकदा चढले की थेट मुंबई.

धक्क्यावर उतरल्यावर पुढे काय? आजोबा पहिल्यांदा १९३४ मध्ये गेले तेव्हा व्हिक्टोरियावाल्याने त्यांना गिरगावात पोचवण्यासाठी निम्मी मुंबई फिरवली. हातात ट्रंक, अंगात कोट आणि डोळ्यांत भीती असा माणूस गाडीवाल्यांना लांबूनच ओळखू येत असणार! आठवडाभरात ते ट्राम शिकले. 'शिकले' हा त्यांचाच शब्द. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत, आणि १९०७ मध्ये घोडे जाऊन वीज आली. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. आजोबांच्या काळी ट्राम सावकाश जाई, चालत्या ट्राममध्ये चढता-उतरता येई, आणि ती स्वस्त होती. बस १९२६ पासून होती, पण आजोबा म्हणत, बस घाई असलेल्यांसाठी. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसांची गर्दी लोटली होती.

आता माझा एक तर्क सांगतो, पटतो का बघा. गोंयकारांची जुनी मुंबई बोट आणि ट्राम यांनी आखली. धोबी तलाव आणि माझगाव भागांतले कूड पाहा. गावागावांनी चालवलेली ही वसतिस्थाने, जिथे तारवटी जहाजाची वाट बघत राहत. गोदीपासून दूर राहून त्यांना चालणारच नव्हते. आपले हिंदू गोंयकार गिरगाव, ठाकूरद्वार भागांत चाळींतून राहिले. १९१९ मध्ये स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन मुंबईतलीच. कोकणी तियात्रसुद्धा जन्मले ते १८९२ मध्ये मुंबईत, मडगावात नव्हे! डोक्यावर ट्रंक घेऊन किंवा ट्रामने जाता येईल एवढेच ते जग होते. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत विजेची लोकल धावली, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत, आणि मग हळूहळू दादर, माहीम, पार्ले. नातू पार्ल्यात गेले, आजोबा गिरगावातच राहिले.

पण एक काळ असा आला की ना बोट, ना गाडी. १९५५ मध्ये नाकेबंदी झाली आणि गोव्याची रेल्वे हद्दीवर तुटली. परवान्यावाचून ये-जा नाही. आजीचा धाकटा भाऊ गिरगावात एकाएकी वारला. आजी त्यावेळी गावी होती. बातमी पोचायलाच किती दिवस लागले हे घरात कुणी नक्की सांगत नाही. परवान्याचे कागद करेपर्यंत तेरावाही उलटून गेला. मुक्ती झाली १९ डिसेंबर १९६१ ला. बोट पुन्हा सुरू झाल्यावर आजी पहिल्याच हंगामात गेली. भाऊ नव्हता, पण ती त्याच्या खोलीत चार दिवस राहून आली. ती 'मुंबय लागलीं' म्हणायची, तेव्हा मला नेहमी हीच फेरी आठवते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही बोटसेवा बंद पडली. मध्ये जलद बोटी आल्या आणि गेल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. २०२३ पासून वंदे भारतने तर दिवसाउजेडी जाता येते. तक्रार काही नाही. पण आता गोंयकार ठाण्याला नाहीतर पनवेललाच उतरतो, आणि गिरगाव न बघताच परत येतो.

परवा मुंबईत गेलो तेव्हा मुद्दाम भुयारी मेट्रोने गेलो. २०२५ च्या ऑक्टोबरात ती कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव स्टेशनला उतरून सरकत्या जिन्याने वर आलो. आजोबांची चाळ शोधायला वीस मिनिटे लागली. ती जागेवर नव्हती. शेजारच्या दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "कुठून आलात, गोव्याहून? मग चहा घेऊनच जा."