फर्स्ट फ्लशचा तोरा

दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशला, म्हणजे मार्चमधल्या पहिल्या खुडणीच्या चहाला, आज जो मान आणि जो भाव आहे, तो पाहून मला चहा शिकवणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी कपाळाला हात लावला असता. मुंबईत मशीद बंदरच्या एका पेढीत ते नमुने चाखून मिश्रणं ठरवत. मी त्यांच्या हाताखाली लागलो तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. आमचा धंदा आसामच्या दाणेदार सीटीसीचा, म्हणजे घरोघरी आलं-वेलची घालून उकळतात त्या चहाचा. दार्जिलिंग यायचा तो मोजक्या गिऱ्हाइकांसाठी: काही जुनी पारशी घरं, एक-दोन क्लब, एखादं मोठं हॉटेल. त्याबाबत वरिष्ठांचं मत ठाम होतं. मार्चचा चहा कच्चा, खरा दार्जिलिंग जूनचा. आज नेमकं उलटं झालंय. मार्च उजाडला की ओळखीतली तरुण मंडळी विचारू लागतात, "काका, नवा फर्स्ट फ्लश आला का?" जूनच्या चहाची चौकशी त्यातला एखादाच करतो आणि ऑक्टोबरच्या चहाचं तर कोणाला नावही ठाऊक नसतं. ही उलथापालथ डोंगरात झाली नाही, बाजारात झाली.

पण सुरुवात डोंगरापासूनच करायला हवी. १८३५ साली इंग्रजांनी सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगचा डोंगर हवापालटाच्या ठाण्यासाठी मिळवला. तिथे कारभारी म्हणून गेलेले आर्चिबाल्ड कॅम्पबेल पेशाने डॉक्टर. त्यांनी १८४१ साली आपल्या बंगल्याच्या आवारात, सुमारे सात हजार फुटांवर, कुमाऊंहून आणवलेलं चिनी चहाचं बी लावलं. याच कॅम्पबेलना १८४९ साली, वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांच्याबरोबर सिक्कीममध्ये फिरत असताना, तिथल्या दिवाणाने अटकेत टाकलं आणि त्याचं निमित्त करून इंग्रजांनी सिक्कीमचा आणखी मोठा मुलूख खालसा केला. आज जिथे नामांकित मळे आहेत, त्यातली कितीतरी जमीन अशी हाती आलेली आहे. १८५०च्या दशकात तुकवार, आलूबारी वगैरे व्यापारी मळे उभे राहिले. १८६६ साली जिल्ह्यात ३९ मळे होते, १८७४ साली ११३. आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट! जंगल तोडणारे, उतारावर पायऱ्या खोदणारे आणि खुडणारे हात बहुतांश पूर्व नेपाळातून आले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही त्याच कमानीत राहतात. मळ्याला तिथे कमान म्हणतात. पाठीवर डोको नावाची टोपली, तिचा नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावरून घेतलेला आणि दोन्ही हातांनी दोन पानं-एक कळी खुडत चाललेल्या बायका हे चित्र चहाच्या डब्यांवर फार गोंडस दिसतं. प्रत्यक्षात तो उतार इतका उभा असतो की नुसतं उभं राहायलाही पोटऱ्या भरून येतात. एक किलो चहाला साधारण वीस-बावीस हजार शेंडे लागतात.

कॅम्पबेलनी लावलेलं ते चिनी झाड लहान पानाचं, थंडी सोसणारं. आसामचं झाड मोठ्या पानाचं, ऊन-पावसाला चटावलेलं. निलगिरीत बारा महिने खुडणी चालते, दार्जिलिंगचं झाड मात्र नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत झोपतं. हंगाम त्या झोपेमुळे पडतात. होळीच्या आगेमागे पहिली पालवी फुटते, ती फर्स्ट फ्लश. एप्रिलच्या उत्तरार्धात झाड पुन्हा थोडं थबकतं, त्याला बांझी म्हणतात. मे-जूनमध्ये सेकंड फ्लश. मग पाऊस. पावसाळी चहा भरपूर निघतो आणि त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नसतं, मिश्रणात आणि पुरचुंड्यांत तो खपतो. दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत शेवटची खुडणी, ती ऑटमनल.

आता वरिष्ठांच्या लाडक्या जूनच्या चहाकडे येतो. त्याच्या चवीला मस्कटेल म्हणतात, म्हणजे पिकून फुटायला आलेल्या काळ्या द्राक्षांसारखा गोडसर, किंचित लाकडी दरवळ. हा दरवळ येतो कुठून, याचं उत्तर बरीच वर्षं कोणाला नीट सांगता येत नव्हतं. माती, धुकं, उंची अशी सगळी कारणं दिली जायची. त्यांचा वाटा आहेच. पण मुख्य करामत एका हिरव्या तुडतुड्याची. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, पान आखडतं, कडा तांबूस पडतात आणि झाड स्वसंरक्षणासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं. तीच पुढे कपात उतरतात. तैवानमधला 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा प्रसिद्ध चहाही तुडतुड्याच्याच कृपेने तसा लागतो.

मळेवाल्यांच्या लेखी मात्र ती कीडच होती. इथे आपल्या मुलखाशी एक धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चहाच्या किडींवर आणि रोगांवर जॉर्ज वॅट आणि हॅरल्ड मान यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९०३ साली निघाला. मान हे मळेवाल्यांच्या इंडियन टी असोसिएशनने १९०० साली नेमलेले शास्त्रज्ञ. तोडलेल्या पानात रंग आणि चव बदलणारं जे काही घडतं, ते पानातल्याच एका विकरामुळे, यावर त्यांनी त्या काळात मूलभूत काम केलं. हेच मान १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे त्यांनी पिंपळे सौदागर गावाचा घर न् घर हिंडून अभ्यास केला आणि दख्खनच्या शेतकऱ्याची जमीन कशी तुकड्या-तुकड्यांत फाटत चालली आहे, कर्ज कसं वाढतं आहे, ते १९१७ साली पुस्तकरूपाने मांडलं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते मान ठाऊक असतात. चहावाल्यांना चहाचे मान ठाऊक असतात. आज पिंपळे सौदागरच्या टोलेजंग इमारतींत बसून दार्जिलिंग पिणाऱ्यांना मात्र दोन्ही ठाऊक नसतात, याची मला गंमत वाटते.

चहा चाखण्याचं तंत्र या सगळ्या काळात फारसं बदललेलं नाही. उत्तरेच्या खिडकीखाली लांब ओटा, म्हणजे दिवसभर उजेड सारखा राहतो. ओट्यावर कोरड्या पत्तीच्या डब्या, त्यापुढे दातेरी कडेची झाकणवाली पांढरी भांडी, त्यापुढे वाट्या. दर भांड्यात अडीच-पावणेतीन ग्रॅम पत्ती. लंडनचे जुने चाखणारे तराजूच्या एका पारड्यात चांदीचं सहा पेन्सचं नाणं टाकत, कारण त्याचं वजन बरोबर तेवढं. आपली चांदीची पावलीही जवळपास तेवढीच भरायची. खळखळ उकळलेलं पाणी ओतायचं, पाच-सहा मिनिटांनी भांडं वाटीवर आडवं करून निथळू द्यायचं आणि चोथा झाकण उलटं करून त्यावर काढायचा. नवशिक्याला कप दिसतो, जाणता आधी चोथ्याकडे बघतो. जूनचा चोथा नव्या तांब्यासारखा चमकला पाहिजे. मार्चचा हिरवट-पिवळट असतो, त्यात मध्येच तपकिरी पानं. काळपट, निस्तेज चोथा दिसला की समजायचं, भट्टीत जादा भाजलाय. मग चमचाभर चहा घेऊन जोरात भुरका मारायचा. आपल्या घरात असा आवाज केला तर आजी पाठीत धपाटा घालेल, पण त्या भुरक्याने चहाचा फवारा होऊन वास घशामागून नाकात चढतो, आणि चव बहुतांश नाकातच असते. मग तस्तात थुंकायचं, पुढची वाटी. शंभर वाट्या झाल्या तरी घोटभर चहा पोटात जात नाही.

वरिष्ठ तीन गोष्टी विचारत: कपाला धार आहे का, अंग आहे का, आणि गिळल्यावर, म्हणजे थुंकल्यावर, मागे काय राहतं? मार्चच्या चहाला धार असायची, अंग नसायचं. म्हणून तो कच्चा.

आणि तो खरंच कच्चा असतो, मुद्दाम ठेवलेला. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कर्सियांगखालच्या एका कारखान्यात मी ते होताना पाहिलंय. खुडलेली पानं लांब जाळीच्या हौदांवर पसरून रात्रभर त्यांखालून वारा सोडतात. पहिल्या हंगामात त्यातलं साठ-पासष्ट टक्के पाणी उडेपर्यंत पान सुकवतात, याला हार्ड विदर म्हणतात. इतकं सुकलेलं पान रोलरखाली मळलं तरी पुरतं काळवंडत नाही, निम्मंअधिक हिरवंच राहतं. जूनमध्ये मळलेलं पान ताटल्यांवर पसरून मुरू देतात आणि तिथे घड्याळ नसतं, नाक असतं. तिथला म्हातारा फोरमन दर थोड्या वेळाने ओंजळभर पान तोंडाशी धरून हुंगत होता. पहिल्यांदा म्हणाला, "अभी घास है." मग म्हणाला, "अब फल आया," आणि ओरडून भट्टी सुरू करायला सांगितली. मधलं अंतर फार तर पंधरा-वीस मिनिटांचं होतं. तेवढ्यात चहाचं नशीब ठरलं.

हे हिरवं ठेवण्याचं तंत्र मुळातलं नव्हे. पूर्वी मार्चचं पानही नीट मुरवून, काळं करूनच पाठवत. कारण माल जायचा लंडनला. भारतातला चहा तिथे पहिल्यांदा लिलावात निघाला १८३९ साली. कोलकात्यात पहिला लिलाव झाला २७ डिसेंबर १८६१ रोजी, ज्या दलाली पेढीने तो पुकारला ती त्याआधी निळीचे लिलाव करायची आणि तिच्या आजच्या इमारतीचं निलहाट हाउस हे नावही तिथूनच आलेलं. कमानीतून बैलगाडीने, १८८१ नंतर दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीने, मग बोटीने, मग गोदीत पडून, असा महिनोन् महिने प्रवास करणाऱ्या पेटीत कच्चा, फुलांच्या वासाचा चहा टिकला नसता. लंडनच्या गिऱ्हाइकाला अंग असलेला चहा हवा होता, दूध घातलं तरी न बुडणारा. म्हणून जून श्रेष्ठ, ऑटमनल त्याच्या पाठोपाठ. स्वातंत्र्यानंतर बराच माल सोव्हिएत संघ उचलू लागला. त्यांना नगसंख्या हवी होती, नखरे नको होते. १९९१ साली ते गिऱ्हाईक रातोरात नाहीसं झालं आणि कित्येक मळ्यांचे हिशेब कोलमडले.

फर्स्ट फ्लशचं नशीब उघडलं ते जर्मनांमुळे. साठ-सत्तरच्या दशकांपासून हँबर्गचे व्यापारी हलका, हिरवट, फुलांच्या वासाचा चहा मागू लागले. तिथे हा चहा दुधाशिवाय पितात. पुढे विमानाने माल पाठवणं परवडू लागलं आणि मार्चमध्ये खुडलेला चहा थोड्याच दिवसांत युरोपात पोचायला लागला. मळेवाल्यांनी पान जास्त सुकवायला, कमी मुरवायला सुरुवात केली. जपानी गिऱ्हाइकांनीही ताजेपणाला मोल दिलं. दर मळा वर्षाच्या पहिल्या खेपेवर डीजे-१ असा आकडा घालतो, त्या डीजे-१साठी चढाओढ लागू लागली. वर्षाच्या एकूण मालात जेमतेम पाचवा हिस्सा असलेला हा हंगाम आता कमाईत त्याहून कितीतरी मोठा वाटा उचलतो. गिऱ्हाइकाने जीभ बदलली, डोंगराने ती शिकून घेतली. पण जाणत्यांच्या ओट्यावर जून लगेच हटला नाही. १९९२ साली कॅसलटन मळ्याच्या चहाला कोलकात्याच्या लिलावात किलोला १३,००१ रुपये भाव आला, तो मस्कटेल होता.

हे सगळं आता आक्रसत चाललंय. झाडं म्हातारी झालीत, काही तर इंग्रजांच्या वेळची. पाऊस लहरी झालाय, कामगार शहरांकडे वळतायत. एके काळी वर्षाला एक कोटी किलोच्या वर जाणारं पीक आता साठ लाखांच्या आसपास घुटमळतं. २०१७ साली गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी १०४ दिवसांचा बंद झाला. तो जूनच्या मध्यावर सुरू झाला, म्हणजे ऐन मस्कटेलच्या हंगामात. त्या वर्षी पीक जेमतेम ३२ लाख किलोंवर आलं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांनी शेजारच्या नेपाळातल्या इलामचा चहा घेऊन काम भागवलं. तो चहा तसाच लागतो आणि स्वस्त पडतो. त्या गिऱ्हाइकांतले बरेचजण परत आले नाहीत. दार्जिलिंगच्या नावाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं पहिलं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, झाडांचं नाही.

मला विचाराल तर फर्स्ट फ्लश वाईट नाही. चांगल्या वर्षीचा, चांगल्या कमानीतला कप तोंडात फूल फुटल्यासारखा लागतो. पण त्याच्या भावात निम्मी रक्कम हंगामाच्या तोऱ्याची असते. ज्याला दार्जिलिंगची ओळख करून घ्यायची आहे, त्याने दिवाळीनंतर बाजारात येणारा ऑटमनल घ्यावा. त्याला तांबूस रंग असतो, मऊ गोडवा असतो, अंग जूनच्या जवळपास असतं आणि भाव बहुतेक वेळा मार्चच्या पुष्कळ खाली. दुकानदाराला कमान, हंगाम आणि साल विचारा. तिन्ही सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा. आणि घरी आणल्यावर उकळू नका: कपाला सपाट चमचाभर पत्ती, वरून उकळीचं पाणी, चार मिनिटं झाकून ठेवायचं, दूध-साखर नाही. सवय नसेल तर पहिला कप फिका वाटेल, तरी आठवडाभर तोच प्या आणि मग ठरवा.