लेवी बॉडी डिमेन्शिया : जिवंतपणीच्या निदानाचा इतिहास

मे २०१४ मध्ये अमेरिकी अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. ऑगस्टमध्ये त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा तेथे सर्वत्र पसरलेल्या लेवी पिंडिका आढळल्या. उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असूनही आजाराचे खरे नाव मृत्यूनंतरच कळले. या आजाराच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार घडलेली आहे.

१९१२ मध्ये फ्रिट्झ हाइनरिख लेवी या जर्मन संशोधकाने पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूपेशींत गोलाकार पिंडिका पाहिल्या. १९१९ मध्ये त्रेत्याकोव्ह यांनी पॅरिसमध्ये त्यांना लेवींचे नाव दिले. लेवी ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि उर्वरित आयुष्य त्यांनी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात घालवले. १९५० मध्ये ते निवर्तले. तोवर या पिंडिका म्हणजे केवळ कंपवाताची खूण, अशीच समजूत होती.

ती समजूत हळूहळू ढळली. १९६१ मध्ये ओकाझाकी व सहकाऱ्यांनी तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूच्या बाह्यपटलात या पिंडिका नोंदवल्या. १९७६ पासून जपानमध्ये केन्जी कोसाका यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. उशीर होण्याचे एक कारण दृष्टीचेच होते. मस्तिष्कस्तंभातील पिंडिकेभोवती फिकट वलय असते, त्यामुळे ती चटकन दिसते; बाह्यपटलातील पिंडिका मात्र नेहमीच्या रंजनात अस्पष्टच राहते. १९९७ मध्ये पिंडिकांचा मुख्य घटक अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. त्याला चिकटणारी प्रतिपिंडे वापरताच, पूर्वी नजरेतून सुटलेल्या पिंडिका दिसू लागल्या.

पण सूक्ष्मदर्शक मृताच्या मेंदूसाठी. रुग्ण तर समोर बसलेला असतो. १९९५ मध्ये न्यूकॅसल येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि १९९६ मध्ये इयन मॅककीथ व सहकाऱ्यांनी निदानाचे निकष प्रसिद्ध केले. सावधपणात दिवसागणिक, कधी तासागणिक होणारे चढउतार. नसलेली माणसे वा प्राणी स्पष्ट दिसणे. आणि कंपवातासारखी हालचाल, ही त्यांतील प्रमुख लक्षणे. २०१७ च्या सुधारित निकषांत झोपेत स्वप्नानुसार हातपाय झाडण्याच्या विकारालाही प्रमुख स्थान मिळाले.

हे निकष कितपत अचूक आहेत? या प्रश्नाला दोन बाजू आहेत. आजार असलेल्यांपैकी किती जण ओळखले जातात, ती संवेदनशीलता; आजार नसलेल्यांपैकी किती जणांना योग्य रीतीने वगळले जाते, ती विशिष्टता. २००० मध्ये न्यूकॅसलच्या गटाने शवविच्छेदनाशी पडताळून हे आकडे अनुक्रमे ८३ व ९५ टक्के असल्याचे नोंदवले. २०१० मध्ये अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विशिष्टता पुन्हा ९५ टक्क्यांवरच आढळली. संवेदनशीलता मात्र सुमारे ३२ टक्के निघाली. म्हणजे आजार नसलेल्यांना डॉक्टर चुकून ‘आहे’ असे क्वचितच म्हणत. पण आजार असलेल्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांतही ते तसे म्हणतच नसत. अनेक रुग्णांत अल्झायमरचे बदलही सोबत असतात आणि ते लेवींच्या आजाराची लक्षणे झाकून टाकतात.

ही चूक जीवघेणी ठरू शकते. भास होणाऱ्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखे औषध देण्याची प्रथा जुनी आहे. १९९२ मध्ये मॅककीथ यांनी दाखवून दिले, की अशी औषधे घेतलेल्या या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत तीव्र प्रतिक्रिया उमटते: शरीर ताठरते, शुद्ध हरपते, मृत्यूचा धोका वाढतो.

पुढे किरणोत्सारी अणू मदतीला आले. मेंदूतील डोपामिन-वाहक प्रथिनाला चिकटणारे, आयोडिन-१२३ जोडलेले द्रव्य शिरेतून देऊन गॅमा कॅमेऱ्याने प्रतिमा घेतात. २०१७ मध्ये शवविच्छेदनाशी ताडून पाहता या चाचणीची संवेदनशीलता ८० आणि विशिष्टता ९२ टक्के आढळली. आयोडिन-१२३ सायक्लोट्रॉनमध्ये बनते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे १३ तास असतो. भारतात बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी टेक्नेशियम-९९एम जोडलेले ट्रोडॅट वापरतात. हे टेक्नेशियम रुग्णालयातील जनित्रातूनच मिळते. योगायोग असा, की ट्रोडॅट विकसित झाले ते लेवींनी अखेरची वर्षे जेथे काम केले, त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात.

गेल्या दशकात थेट प्रथिनच शोधले जाऊ लागले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवातील विकृत अल्फा-सिन्यूक्लीनचे अत्यल्प ‘बीज’ प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची पद्धत २०१६ मध्ये पुढे आली. २०२४ च्या एका अभ्यासात त्वचेच्या नमुन्यात हे प्रथिन ९६ टक्के रुग्णांत सापडले. तरी एक मर्यादा उरते. कोणतेही लक्षण नसलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही लेवी पिंडिका असतात. प्रथिन सापडले म्हणून स्मृतिभ्रंश त्याच्यामुळेच झाला, असे सिद्ध होत नाही.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मेंदूदान विरळ आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधील मेंदूपेढी हा त्याला महत्त्वाचा अपवाद. जिवंत रुग्णावरील प्रत्येक चाचणीचा कस शेवटी दान मिळालेल्या मेंदूवरच लागतो. तोवर दवाखान्यात घरच्यांना विचारायचे काही प्रश्न आहेत आणि त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही: आजोबा झोपेत ओरडतात का, हात उगारतात का? घरात नसलेले कोणी त्यांना दिसते का? सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी हरवल्यासारखा होतो का? भासांवरचे औषध लिहून देण्याआधी ही उत्तरे हाती असायला हवीत.