झाकलेले ओठ : मुखपट्टी आणि कर्णबधिरांच्या संवादाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत युरोपात दोन प्रथा रुजल्या. कर्णबधिर मुलांनी बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखावेत, म्हणजेच ओष्ठवाचन करावे, असा आग्रह शिक्षणक्षेत्राने धरला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याने तेच ओठ झाकून घ्यावेत, असा दंडक वैद्यकाने घातला. या दोन प्रथांमधला विरोध कोविडच्या साथीत सर्वांच्या नजरेस आला.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी खुणांच्या आधारे कर्णबधिरांना शिकवले, तर १७७८ मध्ये लाइपझिग येथे शाळा काढणाऱ्या सॅम्युएल हाइनिके यांनी उच्चारांवर भर दिला. हा वाद १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या परिषदेत मौखिक पद्धतीच्या, म्हणजे बोलणे व ओष्ठवाचन यांवर आधारलेल्या शिक्षणाच्या, बाजूने निकालात काढण्यात आला. ज्यांच्या भाषेचा निर्णय होत होता ते कर्णबधिर त्या सभेत जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर अनेक देशांतील वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांच्या जागा गेल्या. वास्तविक ओष्ठवाचनाला मोठी मर्यादा आहे. ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात, ‘क’ आणि ‘ग’ तर तोंडात मागे उच्चारले जात असल्याने फारसे दिसतच नाहीत, आणि उरलेले सारे संदर्भावरून ताडावे लागते.

त्याच सुमारास बोलताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून जंतू पसरतात, असे कार्ल फ्ल्युगे यांच्या संशोधनातून दिसून आले आणि १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी विरळ विणीच्या कापडाची मुखपट्टी वापरण्याचा पुरस्कार केला. १९१०-११ च्या मांचुरियातील फुप्फुसदाही प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि गॉझ यांची पट्टी प्रसारात आणली, तर १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांनी ती नागरिकांना सक्तीची केली.

२०२० मध्ये ही सक्ती जगभर पसरली, तेव्हा कर्णबधिरांची अडचण दुहेरी झाली. ओठ दिसेनासे झाले आणि मुखपट्टीमुळे ध्वनीतील उच्च वारंवारतेचा भाग, ज्यावर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख अवलंबून असते, क्षीण झाल्याने श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही बोलणे अस्पष्ट ऐकू येऊ लागले. ज्यांचे उच्चार आजारामुळे वा जन्मतः अस्पष्ट आहेत, त्यांचे बोलणे समजून घेणाऱ्यांचाही ओठांचा आधार तुटला. खुणांनी बोलणारेही यातून सुटले नाहीत, कारण विल्यम स्टोकी यांनी १९६० पासून ज्यांची भाषिक रचना उलगडायला सुरुवात केली त्या सांकेतिक भाषांत तोंडाच्या हालचालींनाही अर्थ असतो.

पारदर्शक खिडकीच्या मुखपट्टीने ओठ पुन्हा दिसू लागले. पण तिच्यावर बाष्प धरते आणि प्लास्टिकमुळे आवाज साध्या पट्टीपेक्षाही अधिक दबतो, म्हणून हा उपाय अपुरा ठरतो आणि ओठांपलीकडच्या संवादालाही मान्यता द्यावी लागते. मिलानच्या ठरावांबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील त्याच परंपरेतील परिषदेने खेद व्यक्त केला, तर भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सांकेतिक भाषा आणि लिखित मजकूर यांना संवादाच्या व्याख्येत स्थान दिले. त्या कायद्याचा अर्थ रुग्णालयाच्या खिडकीवर पाटी-पेन्सिल, मजकूर दाखवणारा पडदा आणि खुणा जाणणारा कर्मचारी यांच्या रूपाने उतरला पाहिजे. कारण समजून घेण्याचे सारे ओझे ऐकू न येणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकणारी व्यवस्था मुखपट्टी येण्यापूर्वीही अन्यायकारकच होती.