टोपीखालचं हाड

मी भिलाई-३ मधून बोलतोय. आज विषय खुब्याचा आहे आणि त्याला कारण इथलंच आहे.

विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत सिकलसेल घरोघर माहीत आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त मिळेनासं होतं, हाड मरतं, आणि पंचविशीतला मुलगा लंगडायला लागतो. मग कुणीतरी सांगतं, टेनिसपटू अँडी मरेनं जानेवारी २०१९ मध्ये खुब्याला धातूची टोपी बसवून घेतली आणि जूनमध्ये क्वीन्सची दुहेरी स्पर्धा जिंकली. आपल्या मुलाला का नको?

याचं उत्तर इतिहासात आहे. नेहमीच्या सांधेबदलात गोळा कापून टाकतात. रिसरफेसिंगमध्ये तो ठेवतात, तासतात आणि वर टोपी चढवतात. म्हणजे टोपी टिकणार ती खालच्या जिवंत हाडाच्या जोरावर. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये काचेची वाटी बसवून पाहिली, ती फुटायची. १९३८ मध्ये त्यांनी व्हायटॅलियम हा मिश्रधातू घेतला. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी पन्नाशीच्या दशकात गोळ्यावर आणि खोबणीत टेफ्लॉनचे पातळ कवच बसवले. ते ढिले झाले. चार्नलींचं निदान होतं की कवचाखालचं हाडच मेलं. त्यांनी तो नाद सोडला आणि गोळा कापण्याच्या वाटेनं गेले. आज जगभर होणारा सांधेबदल तिथून आला!

मग बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी १९९१ मध्ये धातूवर धातू घासणारी जोडी घेऊन रिसरफेसिंग पुन्हा उभं केलं, आणि जुना वाद नव्यानं पेटला: आत शिरायचं कुठून?

गोळा कापत नसल्यामुळे तो खोबणीच्या आड येतो, म्हणून जागा मोठी करावी लागते. मागच्या वाटेनं ती छान मिळते आणि चालताना तोल सांभाळणारे स्नायू वाचतात. पण गोळ्याला रक्त देणारी मुख्य धमनी नेमकी मागूनच जाते. ऑक्सफर्डमध्ये शस्त्रक्रिया चालू असताना गोळ्यातला प्राणवायू मोजला. मागच्या वाटेनं तो निम्म्याहून खाली गेला. बाजूची वाट हार्डिंज यांनी १९८२ मध्ये मांडली. तिथं धमनीला धोका कमी, पण तोल धरणारा स्नायू काही अंशी सोडवावा लागतो, लंगडण्याची भीती राहते. बर्नच्या गान्झ यांनी तिसरा उपाय काढला: बाहेरचा हाडाचा उंचवटा स्नायूंसकट कापून उलटायचा, खुबा पुढे निखळवायचा, नंतर स्क्रूनं हाड परत जोडायचं. २००१ मध्ये त्यांनी २१३ खुब्यांचा हिशेब दिला. एकाही गोळ्याचं हाड मेलं नव्हतं. मात्र जोडलेलं हाड सांधेपर्यंत रुग्णाला कुबड्या आल्याच.

तरी मागच्या वाटेनं केलेल्या हजारो टोप्या टिकल्या. संधिवातात गोळ्याला आतूनही रक्त मिळतं, असं तिच्या समर्थकांचं म्हणणं. मला वाटतं, वाटेच्या वादात दुसरी गोष्ट मागे पडली: खोबणीतली वाटी किती कललेली बसली. गोळा मोठा असल्यानं सांधा सहसा निखळत नाही, पण वाटी फार उभी बसली तर कड घासते आणि धातूचा चुरा रक्तात उतरतो. 'एएसआर' या उथळ वाटीच्या सांध्यानं ते दाखवलं. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत घेतला गेला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत.

आता आपल्या मुलाकडे येऊ. मरेचा सांधा झिजला होता. सिकलसेलमध्ये गोळाच मेलेला असतो, आणि पुढेही मरत राहू शकतो. तिथं धमनी वाचवणारी उत्तमातली उत्तम वाटसुद्धा टोपीला आधार देऊ शकत नाही. म्हणून अशा खुब्यात बहुधा पूर्ण सांधा बदलतात, तोही हाड दगडासारखं कडक झालेलं असल्यामुळे सावकाश, फोडू न देता. गोळा ढासळण्याआधी एमआरआयमध्ये आजार दिसला तर दाब कमी करण्यासाठी हाडात छिद्र पाडण्याचा पर्याय अजून उरलेला असतो.