शाळेपासून शंभर यार्ड

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सरावलीतील पानटपरीला आणि मुंबईतील दुकानाला तंबाखू नियंत्रणाचा कायदा एकच, २००३चा. त्याआधीच, नोव्हेंबर २००१मध्ये, मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली होती. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तर कोठेच नाही. कायद्यातील दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतच, आणि तेवढ्याने टपरी हलत नाही! त्यापेक्षा वर्मी लागणारा उपाय राज्याने सप्टेंबर २०२०मध्ये योजला: सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी. टपरीवर सिगारेट बहुधा सुटीच घेतली जाते, आणि पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला सचित्र इशारा घेणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही.